शेंगदाण्याचा निवाडा

आमच्या स्टाफरूममध्ये डबा उघडायला छाती लागायची. झाकण निघतंय न निघतंय तोवर पलीकडच्या टेबलावरून आधी नाक यायचं, मग चष्मा, आणि मग सबंध सर.

"परवाच्या पुऱ्या तळून उरलेलं तेल हाय ह्ये," सर म्हणायचे. "व्हय का न्हाय?"

व्हय म्हणून टाकायचं. इंग्रजीच्या बाईंनी एकदा "नाही हो सर, सकाळीच नवी पिशवी फोडली" असं सांगून बघितलं. सरांनी त्यांच्या डब्यातली बटाट्याची फोड उचलली, अंगठ्यानं बोटावर चोळली आणि ती दोन बोटं बाईंच्या नाकासमोर उघडझाप करून दाखवली. "चिकटतंय बघा. तेल पुन्हापुन्हा तापलं की त्याचे रेणू एकमेकांच्या गळ्यात पडतात. ताजं तेल असं गळ्यात पडत न्हाय." बाईंनी त्या दिवशी नुसती चपाती खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून त्या डबा घेऊन लायब्ररीत बसायला लागल्या.

निपाणीच्या आमच्या पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, सर केमिस्ट्री शिकवायचे आणि मी मराठी. मूळचे खानापूरकडचे, भातशेतीच्या घरातले. बिऱ्हाड बेळगावात टिळकवाडीला. बायको तिथल्याच शाळेत शिक्षिका. सर मात्र आठवडाभर निपाणीत खोली करून राहायचे. का, तर बायकोनं स्वयंपाकघराची बंदी केली होती! हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि तेही अभिमानानं. "तिनं फोडणीचं तेल धूर येईस्तवर तापवलं. मी गॅस बंद केला. तिनं लावला. मी बंद केला. मग तिनं मला तालुक्याबाहेर काढलं."

त्यांच्या खोलीत एक कपाट होतं. त्यात देवही नव्हते आणि कपडेही नव्हते, तेलाच्या बाटल्या होत्या. शेंगदाणा, करडई, खोबरेल, कारळं. प्रत्येक बाटलीला काळ्या कापडाचा अंगरखा. उजेड लागला की तेल खवट होतं आणि त्यातलं ई जीवनसत्त्व आधी मरतं, असं त्यांचं म्हणणं. पोरं म्हणायची, सर तेलाला गोषात ठेवतात. तंबाखूच्या हंगामात निपाणीत सगळीकडं वखारींचा वास सुटला की सरांचं डोकं फिरायचं. त्या वासापुढं त्यांचं नाक चालायचं नाही, आणि नाक चालेना झालं की त्यांना आंधळ्यासारखं वाटायचं.

पोरांनी त्यांचं नाव डबल बाँड ठेवलं होतं. त्याला कारण एक तास. स्निग्ध आम्लं शिकवायची म्हणून सरांनी सगळा वर्ग मैदानात नेला. पोरांना ताठ उभं करून भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटवून दाबलं. "ह्ये झालं तूप. सगळे सरळ, दाटीवाटीनं बसले, म्हणून घट्ट." मग अधल्यामधल्या पोरांना कंबरेत वाकायला लावलं. लगेच दाटी फुटली, कुणाचं डोकं कुणाच्या पाठीत. "ह्ये झालं तेल. डबल बाँडपाशी वाकडं झालं की जवळ बसता येत न्हाय, म्हणून पातळ." आणि मग हातात पट्टी घेऊन त्या वाकलेल्या पोरांना एकेक करून सरळ करायला लागले. "आणि ह्ये वनस्पती तूप! वाकड्याला कारखान्यात दंडुका दाखवून सरळ केलं. डबल बाँड आत तसाच, पण दिसायला तुपासारखं शहाणं. काळजाच्या नळ्यांत जाऊन बसतंय ते ह्येच." नेमके त्याच वेळी प्राचार्य व्हरांड्यात आले. त्यांनी वाकलेली पोरं बघितली, सरांच्या हातातली पट्टी बघितली आणि मेमो दिला. सरांनी मेमोचा कागद भज्यांवर दाबून तेलकट डागाचा प्रयोग केला. काय बोलणार अशा माणसाला!

माणसांची वर्गवारीही ते ह्याच पद्धतीनं करायचे. ज्याच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही तो सॅच्युरेटेड. आमचे मिस्टर पहिल्या भेटीतच सॅच्युरेटेडमध्ये गेले. झालं होतं असं, की ह्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल निघालं आणि मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून ह्यांनी तेल सोडलं. भाजी उकडलेली, आमटी बिनफोडणीची. आणि दिवसातनं चारदा चहा, चहाबरोबर खारी, टोस्ट आणि बिस्किटं. सर घरी आले, ह्यांनी मोठ्या रुबाबात आपला त्याग सांगितला. सरांनी बशीतली खारी उचलली, चुरली, तळहात ह्यांच्यापुढं धरला. तळहात लखलखत होता.

"मालक, दार लावून घेतलासा आणि खिडकीतनं हत्ती आत घेतलासा की वो!"

हे मनाला लावून घेणारे. तेव्हापासून घरात सरांचं नाव काढायची सोय नव्हती. खारी मात्र बंद झाली, ते एक बरं झालं.

आता आमच्या आत्तीचं सांगते. आमच्या जैन घरांत सासूला आत्तीच म्हणतात. आमचं गाव निपाणीपासून जवळ, घरचा ऊस आणि तंबाखू. आत्ती काठीसारखी सरळ, बोलायला कमी आणि बोलली की समोरच्याचं तोंड बंद. पहाटे उठून अंधारातच बस्तीला जायची. जैन मंदिराला आमच्याकडं बस्ती म्हणतात. तिथं वाचता न येणाऱ्या बायकांना शास्त्र वाचून दाखवायची, आणि त्या बायका तिच्या तोंडाकडं बघत बसायच्या. तेवढं एक तिचं राज्य.

माझे सासरे, आप्पा, गेले त्या वर्षी आत्तीनं गावात मुक्कामाला आलेल्या माताजींकडनं, म्हणजे आमच्या साध्वींकडनं, नियम घेतला. दूध, दही, तूप, तेल बंद. जन्मभर. असे रस, म्हणजे चवीचे पदार्थ, सोडणारी माणसं आमच्यात पुष्कळ आहेत, त्यात काही नवल नव्हतं. पण आत्तीचं कुठलंही काम अर्ध्यावर थांबत नाही. थोड्या दिवसांनी तिनं शेंगदाणे सोडले. मग खोबरं सोडलं. "ज्यातनं तेल निघतंय त्ये तरी कशाला ठिवायचं?" गाजर-रताळी जमिनीखालची, ती आमच्यात खातच नाहीत. चातुर्मासात पालेभाजी बंद. राहिलं काय, तर भाकरी, भात, पाण्यासारखं वरण आणि उकडलेलं डांगर. डांगर म्हणजे लाल भोपळा. तो तिला आवडायचा म्हणून मी रोज करायची. मला वाटायचं, रंगीत आहे, पौष्टिक आहे, चाललंय की.

चाललं नव्हतं. दिवस कलला की आत्ती भिंतीला हात लावून चालायला लागली. उंबऱ्याला ठेचकाळली. दारात उभ्या असलेल्या माझ्या नणंदेला म्हणाली, "कोण हाय गं तिथं?" आम्हांला वाटलं मोतीबिंदू. आणि एका पहाटे आत्ती उठली, अंघोळ केली, पातळ नेसली, आणि दारातनं परत फिरून पाटावर बसली.

"जात न्हाय मी आजपास्नं बस्तीला."

"का आत्ती?"

"पायाखाली कोण येतंय दिसत न्हाय मला. देवाला जाताना जीव चिरडत जाऊ व्हय?"

आणि रडली. मी त्या घरात आल्यापासून आत्तीला रडताना बघितलं नव्हतं.

निपाणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदू नाही म्हणाले. खाण्याचं विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. हे रातांधळेपण आहे, अ जीवनसत्त्व संपलंय. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून इतके दिवस कळलं नाही. आता साठा रिकामा झाला. असंच चाललं तर बुबुळ कोरडं पडेल, जखम होईल, आणि तसं गेलेलं दिसणं परत येत नाही. त्यांनी कॅप्सूल लिहून दिल्या.

आत्तीनं कॅप्सूल खिडकीशी उजेडात धरली. पिवळी, आरपार दिसणारी. "ह्यात तेल हाय."

"औषध हाय, आई!" हे म्हणाले.

"तेलच हाय." आणि पुडी बाजूला सारली.

आठवडाभर घरात नुसती भांडणं. हे ओरडायचे, आत्ती पुडीला हात लावायची नाही. "डोळं गेल्यावर कसलं व्रत करणार हाईस?" म्हणून ह्यांनी भाकरीचं ताट ढकललं. शेवटी मी सरांना बोलावलं. ह्यांना न विचारता. म्हटलं, केमिस्ट्रीचा माणूस आहे, चार शब्द समजावून सांगेल.

सर आले. आत्तीसमोर सतरंजीवर मांडी घातली. आत्तीनं कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवली.

"मास्तर, आमची सून म्हंतीया तुमी खोटं बोलत न्हाईसा. ह्ये आतलं तेल आसूंदे. ह्ये वरचं टरफल कशाचं?"

मी सरांकडं बघितलं, डोळ्यांनी खुणावलं, हातही जोडले. एवढा हजरजबाबी माणूस, पण घाम फुटला त्यांना. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जनावरांची हाडं-कातडी उकळून करतात, आक्का."

आत्तीनं हात मागं घेतला. झालं! हे खुर्चीवरनं उठलेच.

"तुमास्नी कुणी इच्यारलंतं मास्तर? शेंगाच्या टरफलाचं हाय म्हणून सांगितलं आसतं तर काय तुमची जीभ झडली आसती? आमच्या आईचं डोळं जायला लागल्यात!"

"तिनं मला इच्यारलं," सर म्हणाले.

"मग आता तुमीच बघा तिच्याकडं!"

"बघतो," सर म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की वाटलं ह्या माणसाला त्याच्या कपाटात कोंडावं, काळं कापड गुंडाळून.

पण सर उठले नाहीत. मला म्हणाले, दोन पेले आणा, ब्याडगी मिरचीची पूड आणा, आणि तुमच्या पोरांसाठी घरात असतं ते शेंगतेल आणा. एका पेल्यात पाणी, एकात तेल. दोन्हींत चिमूटभर पूड टाकून ढवळली. पाण्यातली पूड जराशी गरगरली आणि तळाला जाऊन बसली, वर पाणी फिकट ते फिकटच. तेल मात्र बघता बघता लालभडक झालं.

"मिसळीवर लाल तवंग येतोय न्हवं, आक्का? तेलाचाच का लाल असतोय, खालच्या पाण्याचा का न्हाय? तर ह्यो रंग तेलात विरघळतो, पाण्यात न्हाय. डांगराचा पिवळा रंग ह्याच जातीचा. त्याचंच शरीर अ जीवनसत्त्व करतंय. पण पोटात जरा तरी स्निग्ध पाहिजे, न्हाईतर रंग आत शिरतच न्हाय."

आत्ती पाण्याच्या पेल्याकडं बराच वेळ बघत होती. "म्हंजे मी रोज डांगर खाल्लं त्ये..."

"तळाला बसलं."

"तरी नियम त्यो नियम, मास्तर."

"मी कुठं मोडा म्हंतोय? अट खोडून गणित सोडवतंय व्हय कुणी? अट ही अट. अटीत बसूनच सोडवायचं."

त्यानंतर सर स्टाफरूममध्ये कुणाच्या डब्याकडं बघेनासे झाले. इंग्रजीच्या बाई काळजीनं परत आल्या. सर नुसते शेंगदाणे सोलायचे आणि समोर मांडून बसायचे. मग एक दिवस थेट आमच्या घरी आले आणि दारातनंच विचारलं, "आक्का, माताजींनी तुमास्नी शेंगदाणं सोडायला सांगितलंतं?"

"न्हाय. तेल."

"मग दाणं कुणी सोडायला लावलं?"

"माझं मीच. त्यातनंच निघतंय की तेल."

"पण निघाल्यावर न्हवं का तेल! घाण्यात घालायच्या आधी त्यो दाणा हाय. चावून खाल्ला तर पोटात स्निग्ध मिळतंय, आणि बाहेर कुठं तेल पिळलेलं न्हाय. शेंगा जमिनीखाली येत्यात, त्या चालत्यात का तुमच्यात?"

"शेंगा चालत्यात. कंद न्हाय त्या, बी हाय." आत्ती म्हणाली. "पर ह्ये मी न्हाय ठरवायची आणि तुमी बी न्हाय. नियम ज्यांनी दिला त्यांनी सांगावं."

त्याच माताजींचा त्या वर्षी चातुर्मास शेजारच्या गावात होता. रविवारी प्रवचन. आम्ही आत्तीला गाडीतनं घेऊन गेलो आणि बघतो तर मंडपात पुरुषांच्या बाजूला, सगळ्यांत मागं, सर बसलेले! ज्या माणसानं कॉलेजच्या सरस्वतीपूजनात समईतलं तेल हुंगून पुजाऱ्याशी वाद घातला होता, तो माणूस सबंध प्रवचन मांडी न मोडता ऐकत होता. शंका विचारायची वेळ आली तसे सर उठले, आणि पाय बधीर झालेला म्हणून शेजारच्या म्हाताऱ्याच्या अंगावर कलंडले.

"माताजी, मी जैन न्हवं. केमिस्ट्रीचा मास्तर हाय. मला एकच सांगा. शेंगदाणा खाल्ला तर तेल खाल्लं का?"

मंडप हसला. पाटील मंडळींपैकी कुणी तरी "खाली बसा" म्हणालं. माताजी हसल्या नाहीत. कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "कुणासाठी विचारता?"

आत्ती उभी राहिली. मी तिचा दंड धरला. तिनं सगळं सांगितलं, काही न वाढवता, काही न लपवता. मिरचीचे दोन पेलेसुद्धा सांगितले. माताजी नाही म्हणाल्या तर? नाही म्हणाल्या असत्या तर आत्तीनं दाणा हातात घेतला नसता, अगदी डोळे गेले तरी.

"नियम घेताना तुमच्या मनात कोणतं तेल होतं?" माताजींनी विचारलं.

"घाण्यातलं. फोडणीचं."

"मग दाणे?"

"मागनं सोडलं. माझ्या मनानं."

"कुणाला विचारून?"

आयुष्यात पहिल्यांदा आत्तीचं तोंड दुसऱ्या कुणी तरी बंद केलं होतं.

"नियम घेताना विचारलंत. वाढवताना विचारायचं नाही, असं कसं? सोडायचं ते जिभेचं सुख. डोळे सोडायला मी सांगितलं नव्हतं. तेल सोडलंय, ते सुटलेलंच राहू दे. दाणे खा. खोबरं खा."

मला हुंदका आवरेना. ह्यांनी पलीकडनं दोन्ही हात वर जोडले. सर तर तिथंच टाळी वाजवणार होते, पण माताजींचं बोट त्यांच्याकडं वळलं.

"आणि मास्तर, तुम्ही काय सोडता?"

"मी?"

"इथं आलात, विचारलंत, घेतलंत. काही तरी सोडून जा."

सर बावचळले. तेवढ्यात मागनं त्यांचाच कुणी तरी जुना विद्यार्थी ओरडला, "दुसऱ्याच्या ताटात डोकावणं सोडा म्हणावं, माताजी!" मग मात्र माताजीही हसल्या, आणि सरांनी दिवाळीपर्यंतचा नियम घेतला.

अहो, काय ते हाल! स्टाफरूममध्ये डबे उघडायचे आणि सर खिडकीकडं तोंड करून बसायचे. एकदा कुणाच्या तरी बढतीचे पेढे आले. वनस्पतीत बुडवलेले, माझ्यासारखीलाही कळत होतं. सर उठले, भिंतीजवळ गेले आणि भिंतीला म्हणाले, "बाई गं, तुला रंग दिलाय त्यो बरा, निदान तुला कोण खात तरी न्हाय." नियम त्यांनी असा पाळला. पण पाळला.

इकडं मी डांगराच्या भाजीत दाण्याचं कूट घालायची, वर ओलं खोबरं. आत्ती पहिल्या दिवशी घास तोंडात धरून बसली होती, गिळायला तयारच नव्हती. मग गिळला. डॉक्टर काही फार खूश नव्हते. दिवाळीनंतर परत दाखवा, म्हणाले, आणि मधे डोळा दुखला, लाल झाला, की त्याच दिवशी या. तेव्हा मी इंजेक्शन देणार आणि कुणाचं ऐकणार नाही.

दिवस जात होते आणि फरक काही दिसत नव्हता. संध्याकाळी आत्तीचा हात भिंतीवरच. विचारलं की म्हणायची, "बघू." एवढंच. नवरात्र संपलं तसा ह्यांचा धीर सुटला. कॅप्सूल टोचून ते तेल आईच्या आमटीत घालायचं, असं ह्यांनी ठरवलं. खरं सांगते, मला ते पटलं. आंधळी सासू सांभाळण्यापेक्षा फसवलेली सासू परवडली, असंच मला वाटलं. सर तेव्हा दारातच होते. दोन-तीन दिवसांनी एकदा, दिवस मावळायच्या वेळी, ते येऊन जायचेच. आत आले आणि ह्यांच्या हातातनं सुई काढून घेतली.

"मालक, उद्या तिनं मला इच्यारलं, मास्तर, आमटीत काय हुतं, तर मी सांगणार. मग ती आमटी बी सोडंल. आणि तुमच्या हातचं पाणी बी."

"आणि डोळं गेलं तर?"

"तर माझ्यामुळं गेलं म्हणून सगळ्या गावाला सांगा." असं म्हणाले खरे, पण आवाज कापत होता. तो माणूसही घाबरलेला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. जाताना ते आत्तीच्या खोलीपाशी थांबले, आत बघितलं आणि गेले.

दिवाळीच्या पहाटे आमच्यात महावीरांच्या निर्वाणाची पूजा असते. अंधार असतानाच सगळं गाव बस्तीला जातं आणि निर्वाणाचा लाडू चढवतात. आत्तीला मागं ठेवून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी लाडवांचं ताट घेऊन दारात आले, तर आत्ती पातळ नेसून उंबऱ्यात उभी.

"मी येणार हाय."

हे काही तरी बोलणार होते, मी डोळे वटारले. मी एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात आत्तीचा दंड धरला. गल्लीत दिवे गेले होते. आत्ती पाऊल टाकायची, थांबायची, परत टाकायची. गल्ली वळली तसा तिनं दंड सोडवून घेतला. मला वाटलं, पदर नीट करतेय. पण तिनं हात परत दिला नाही. माझ्यापुढं चालायला लागली. मी तोंडातनं शब्द काढला नाही, न जाणो, दृष्ट लागायची.

बस्तीच्या पायऱ्यांवर पणत्या लावल्या होत्या, पण वाऱ्यानं बहुतेक विझलेल्या. एखादी दुसरी कडेला मिणमिणत होती. पायऱ्यांच्या बाजूला सर उभे! निपाणीहून स्कूटर हाणत आले होते, डोक्याला मफलर, पायांतल्या चपला काढून ठेवलेल्या. आम्हांला बघून पुढं आले आणि आत्तीला आधार द्यायला पायरीवर पाय टाकायला गेले.

"मास्तर, थांबा!" आत्तीनं असा आवाज दिला, की सरांचा पाय वरच्या वर राहिला.

"काय झालं, आक्का?"

"मुंग्या हायत खाली. कुणाच्या तरी लाडवाचा चुरा सांडलाय, रांग लागलीया त्येच्यापाठी."

सरांनी वाकून बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. मी बघितलं, मला तर नुसती काळी पायरी दिसत होती. ह्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला. पायरीच्या कडेनं, लाडवाच्या चुऱ्यापासनं पार भिंतीच्या फटीपर्यंत, मुंग्यांची बारीक रांग चालली होती.

"दिसलं!" सर ओरडले. "मालक, दिसलं की वो! आक्काला दिसलं!" बस्तीतला मंत्र थांबला, आतनं बायका बाहेर आल्या, ह्यांनी माझ्या हातातलं लाडवांचं ताट घेतलं आणि तिथंच रडत उभे राहिले, आणि सर एका पायावर, मफलर सुटलेला, दोन्ही हात वर करून ओरडतच होते.

"वरडू नकासा," आत्ती म्हणाली. "पाय तेवढा पलीकडं टेका. आणि सरका, मला वर जाऊन वाचायचं हाय. बायका खोळंबल्यात."